कॅप्सूलीचं दही

गेडामबाईनं डबी देली तव्हा तिसरा महिना सरत होता.
म्हने, "कुंदे, तुह्या मायले साखर,
म्हनून यादीत तुह्यं नाव लागलं.
रोज एक कॅप्सूल, दुपारच्या जेवनावर.
अर्ध्या डब्याईत जित्ते जंतू हायेत, दह्यातल्यासारखे,
अर्ध्याईत नुसतं पीठ.
कोनाले काय भेटलं ते मले ठाऊक नाही,
वर्ध्याच्या डाक्टरलेई नाही."
"मंग कोनाले ठाऊक?"
"एका लिफाफ्याले," म्हने,
अन् सहीसाठी पेन देला.

डबी थंड्यात ठेवाची होती.
आमच्या घरी फ्रीज नाही,
वानखड्याच्या किराण्यात हाय, गावाच्या त्या टोकाले.
रोज दुपारी डोक्शावर पदर घेऊन मी जायची,
पेप्सीच्या कांड्याईखालून माही डबी काढाची.
पोरं म्हनत, "काकू, आमालेई एक द्या ना."

मायचा अंगठा मागल्या साली काढला.
तव्हापासून तिची डावी चप्पल झिजते,
उजवी नवीच्या नवी राह्यते.
मी ते कोनाले सांगत नाही,
पन चप्पल घालताना दिसतेच.

एका राती राहवलं नाही.
मी जीव खातो का पीठ?
त्या दिवशीची कॅप्सूल खाल्ली नव्हती, पदरात बांधून आनली होती.
गवळाऊ गाईचं पावभर दूध छोट्या गंजात कोमट केलं,
करंगळी बुडवून पायली,
कॅप्सूल उघडून भुकटी सोडली.
दुसरं इरजण नाही. एक थेंब नाही.
गंज झाकला, जुन्या लुगड्यात गुंडाळून
ज्वारीच्या कोठीमागं ठेवला
अन् येऊन पडली.

झोप कायची येते!
पोटात एक लेकरू, वांग्याएवढं,
कोठीमागं ते, किती कोन जाने, असले तर.
वाटे, आधी कोन हालंन?

सकायी झाकन काढलं.
दही.
चमचा उभा राहावा असं, काठाले पानी नाही.
मी तशीच जमिनीवर बसली अन् हासली,
एवढी हासली का जाऊ चुलीजवयून धावत आली.
रंजूनं गंजात पायलं.
"लागलं ना बरं? राती मी पान्याले उठली,
म्हनलं दुधात इरजण घालाचं इसरली हे.
पोटुशी बाईच्या ध्यानात काय राह्यते.
चमचाभर टाकलं मंग."

मी तिच्या तोंडाकडं पायलं.
तिच्या गालाले पीठ लागलं होतं.
काई बोलली नाही.
भाकरी झाली, अंबाडीची भाजी होती,
दोघीनं तेच दही वाढून घेतलं.
लई गोड लागलं, खोटं कशाले बोलू.

महिन्याच्या शेवटी गेडामबाईनं उरलेल्या कॅप्सुली मोजल्या.
हिशोब बरोबर निघाला.
डबीतून गेली ते मोजता येते,
कुठं गेली ते नाही.

मंग तपासनी. आरोग्य केंद्रातला बाक,
गिलासभर गोड पानी, पाच मिनिटात संपवाचं,
अन् दोन तास बसाचं.
बाजूची सालेभट्टीची पोरगी ओकली,
तिले म्हनलं, "आता पुन्हा याव लागंन तुले."
ती म्हने, "तुमाले कसं पचलं वं?"
मले काय माहीत.

एकशे अडतीस.
"पास का?" मी इचारलं.
"एकशे चाळीसाच्या आत. आज पास,"
गेडामबाई म्हने, "भात कमीच ठेव. अन् चालनं सोडू नको."
चालनं?
तव्हा आठोलं, वानखड्याचं दुकान,
ते ऊन, रोज जायचं-यायचं, चार महिने.
कॅप्सूलीनं केलं, का त्या वाटेनं,
का काईच होनार नव्हतं?
लिफाफा उघडंन तव्हा लेकरू रांगत असंन,
तव्हाई माह्या एकटीचं उत्तर त्यात नसंन,
साऱ्याईचं मिळून काई असंन.

त्या दह्यातलं चमचाभर मी ठेवलं होतं.
त्याचंच इरजण अजून चालते,
वानखड्याची बायकोई घेऊन गेली.

परवा माय आली, उजवा पाय उचलून उंबरठ्यावर बसली.
मी वाटीत दही देलं.
सवयीनं म्हने, "साखर टाक ना वं थोडी."
मी मिठाचा डबा पुढं केला.
तिनं मले पायलं, माह्या पोटाले पायलं,
अन् चिमटीनं मीठ घेतलं.